गुडघा दुखतोय, तरी व्यायाम? फिजिओथेरपीचे अनुभव हवेत

मोरपंखी
नमस्कार मंडळी,
आई 67 वर्षांची आहे. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते, जुनी सोसायटी, लिफ्ट नाही. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. सकाळी उठल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं भिंतीला धरून चालते, मग जरा सैल होतं. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एक्स-रे बघून 'ग्रेड 3 आहे, ऑपरेशनची घाई नाही, वजन उतरवा आणि मांड्या बळकट करा' असं सांगून फिजिओकडे पाठवलं.

फिजिओकडे काय होतं ते सांगते. आधी गरम शेक. मग चार पॅड चिकटवून मुंग्या आणणारं मशीन. शेवटी गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल दहा वेळा दाबायचा, की झालं. फिजिओ त्या वेळात दुसऱ्या पेशंटकडे. दिवसाचे पैसे द्या, उद्या या. आईला तिथून आल्यावर तासभर छान वाटतं, नंतर ये रे माझ्या मागल्या.

मी नेटवर बघून तिला खुर्चीतून उठबस करायला लावली तर दुसऱ्या दिवशी गुडघा दुखला. लगेच मावशीचा फोन, 'झिजलेल्या सांध्याला कसले व्यायाम करायला लावतेस, मारशील तिला.' आता आई मावशीच्या पार्टीत.

तर प्रश्न असा, की सांधा झिजलेला असताना व्यायामाने खरंच चालणं-फिरणं सुधारतं का? की ऑपरेशनपर्यंतचा वेळ काढायचा नुसता? ज्यांनी केलंय त्यांनी लिहा प्लीज.

कल्याण_स्लो
मी पयला!
गुडघ्याचा विषय निघाला की घरातला प्रत्येक नातेवाईक हाडांचा डॉक्टर होतो. आता इथेही होतील. बसलोय पॉपकॉर्न घेऊन.

निवृत्त_कारकून
मावशींचं बरोबर आहे. गुडघ्यातलं वंगण संपलं की संपलं, वापराल तेवढी झीज वाढणार. मी स्वतः जिने बंद केले, बाजारात जाणं बंद केलं, सगळं घरपोच मागवतो. आता गुडघे अजिबात दुखत नाहीत.

तिरकस
काका, पाण्यात उतरणंच सोडलं की बुडायची भीतीही राहत नाही. हलके घ्या.

फिजिओ_ताई
मोरपंखी, मी नाशिकला प्रॅक्टिस करते. जरा सविस्तर लिहिते.

आधी कारकून काकांसाठी. सांध्यातल्या कूर्चेत (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणात) रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव आतबाहेर व्हायला सांध्यावर भार पडावा लागतो, सुटावा लागतो. म्हणजे हालचाल लागते. सांधा वापरायचा बंद केला की मांडीचा पुढचा स्नायू भराभर बारीक होतो, मग तोच भार सांध्यावर जास्त येतो, मग जास्त दुखतं, मग माणूस आणखी कमी चालतो. तुम्हाला आज दुखत नाही हे मान्य. पण एकदा हात न टेकता खुर्चीतून उठून बघा आणि इथे लिहा.

एक्स-रेची ग्रेड म्हणजे हाडांचं चित्र. ही केलग्रेन-लॉरेन्स पद्धत (0 ते 4, 4 म्हणजे सगळ्यात जास्त झीज) 1957 पासून वापरात आहे, उपयोगी आहे, पण ग्रेड आणि दुखणं यांचा मेळ बसेलच असं नाही. ग्रेड 4 घेऊन भाजी मंडईत हिंडणाऱ्या बायका मी रोज बघते, आणि ग्रेड 2 वर पलंग धरलेलेही.

आता मशीनबद्दल. ते बहुतेक आयएफटी (सौम्य वीजप्रवाह देणारं इंटरफेरेन्शियल थेरपीचं मशीन) असणार. माझ्याच धंद्यातले लोक रागावतील, पण ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने ऑक्टोबर 2022 मध्ये संधिवातासाठी (झिजेचा, ऑस्टिओआर्थ्रायटिस) जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात आयएफटी, अल्ट्रासाउंड, टेन्स ही मशीनं देऊ नका असं स्पष्ट म्हटलंय, कारण फायद्याचा पुरेसा पुरावा नाही. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांनाही नकार. आणि व्यायाम? तो प्रत्येक रुग्णाला द्या, त्या त्या माणसाला झेपेल असा. वर हेही सांगा, की सुरुवातीला दुखणं थोडं वाढू शकतं.

तुमच्या आईंचं नेमकं हेच झालं. दुखलं म्हणजे झीज वाढली असं नाही. आम्ही पेशंटला शून्य ते दहा अशी मोजपट्टी देतो. व्यायाम करताना पाचापर्यंत दुखलं तर चालेल. मात्र 24 तासांत दुखणं आधीच्या पातळीवर परत आलं पाहिजे. नाही आलं तर व्यायाम बंद करायचा नाही, प्रमाण कमी करायचं. उठबस वीस केल्या असतील तर आठ करा, खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.

गुडघा एकदम सुजला, लाल-गरम झाला, ताप आला, पायावर भार देता येईना किंवा गुडघा मधेच अडकून बसला, तर मात्र व्यायाम-बियायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

ओवी_जोशी_नाही
फिजिओ_ताई, दंडवत. वाखु (वाचनखूण) साठवली.

शेवंता
आमच्या सासूबाईंचं साताऱ्यात हेच होतं. त्यांना फिजिओने लावलेली सवय लिहिते, मोरपंखी तुझ्या आईलाही जमेल.

खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, घसरायला नको. चाकाची किंवा प्लॅस्टिकची हलकी खुर्ची अजिबात नाही. बसताना पुढच्या कडेशी यायचं. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे. मग कमरेतून पुढे वाकायचं, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या वर आलं पाहिजे, आणि मगच उठायचं. आपल्याकडे सगळे ताठ बसून हातांनी ढकलून उठतात, तिथेच घोळ. बसताना तर धप्पकन सोडून देतात. सासूबाईंना 'बसताना चार अंक मोजा' असं सांगितलं होतं, त्या रामरामराम म्हणतात. गुडघे आत एकमेकांकडे वळू द्यायचे नाहीत, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत.

आणि टाचा उचलण्याचा व्यायाम ओट्याला धरून, कुकर लावला की. तीन शिट्ट्या होईपर्यंत. आता डाळ जास्त शिजते ही वेगळी तक्रार.

कल्याण_स्लो
राम म्हणत बसायचं, शिट्टीवर टाचा उचलायच्या. सासूबाई व्यायाम करतायत की संचलन!

आरहूसची_ऊर्मी
मी डेन्मार्कमध्ये असते. इथे यासाठी ठरावीक कार्यक्रमच आहे, 'ग्लॅड' नावाचा. साउथ डॅनिश विद्यापीठातल्या एवा रूस आणि सोरेन स्को यांनी 2013 मध्ये सुरू केला, आता आणखी बऱ्याच देशांत चालतो. दोन बैठका नुसत्या समजावण्याच्या, मग सहा आठवड्यांत बारा वेळा फिजिओच्या नजरेखाली गटात व्यायाम. माझ्या शेजारणीबरोबर एकदा बघायला गेले होते. एकही मशीन नाही. पायऱ्या, खुर्च्या, रबरी पट्टे, आरसे. आरशात बघून गुडघा कुठे जातोय ते आपलं आपण सुधारायचं. शेजारीण म्हणाली, 'कसं उठायचं, कसं उतरायचं हेच इतकी वर्षं चुकीचं करत होते.'

सुरुवातीला आणि शेवटी चाचणी घेतात: 30 सेकंदांत हात छातीशी धरून खुर्चीतून किती वेळा उठता येतं, आणि 40 मीटर भरभर चालायला किती वेळ लागतो. घरीही करता येते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या तक्त्याप्रमाणे 65 ते 69 वयाच्या बाईला 11 पेक्षा कमी वेळा जमलं तर ते सरासरीच्या खाली धरतात, पुरुषाला 12 पेक्षा कमी. कारकून काका, ऐकताय ना?

निवृत्त_कारकून
ऐकतोय. आमची खुर्ची जरा बुटकी आहे.

वऱ्हाडी_ठेचा
सगळे एकाच सुरात बोलून राह्यले म्हणून लिहितो. आमच्या बाबांनी दोन्ही गुडघ्यांसाठी व्यायाम केला. मनापासून केला, नागपुरातल्या चांगल्या फिजिओकडे केला. तरी रात्रीची झोप गेली, पाय धनुष्यासारखे वाकले, शेवटी संडासला जायलाही माणूस लागे. मग दोन्ही बदलले. आता सकाळी फुटाळा तलावावर फिरून येतात. जे ऑपरेशन आधी करायचं ते 'व्यायामाने होईल, व्यायामाने होईल' म्हणून लोकांनी आम्हाला लांबवायला लावलं. हा व्यायामाचा उदोउदोही थोडा आवरा, बाप्पा.

आरहूसची_ऊर्मी
@वऱ्हाडी_ठेचा, तुमचा मुद्दा रास्त आहे, त्यावर अभ्यासही आहे. इथेच शंभर रुग्ण घेऊन झाला, 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळेच ऑपरेशनला पात्र असलेले. पन्नास जणांना गुडघा बदलून व्यायाम, वजन वगैरे, उरलेल्या पन्नास जणांना ऑपरेशन न करता तेच सगळं. वर्षाने ऑपरेशनवाल्यांचं दुखणं नक्कीच जास्त कमी झालेलं होतं. पण त्यांच्यात गंभीर गुंतागुंतही जास्त. आणि नुसत्या व्यायामवाल्या पन्नासांपैकी त्या वर्षात 13 जणांनीच ऑपरेशन करून घेतलं, उरलेल्यांचं तेवढ्यावर भागलं. म्हणजे बाबांसारखे चौथ्या हिश्शातले लोक असतातच, फक्त ते आधी कळत नाही.

फिजिओ_ताई
ऊर्मीशी सहमत. ठेचा, पाय वाकलेला, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, व्यायाम नीट करूनही दैनंदिन कामं बंद, अशा वेळी मी स्वतः पेशंटला सर्जनकडे पाठवते. तेव्हा 'अजून थोडं थांबा' म्हणणं चुकीचंच. आणि बाबांनी आधी केलेला व्यायाम वाया गेलेला नाही. मांड्या मजबूत असलेला माणूस ऑपरेशननंतर लवकर उभा राहतो.

एक मात्र सांगते. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून 'साफ करण्याचं' ऑपरेशन अजूनही कुठे कुठे सुचवतात. ह्यूस्टनमध्ये 180 रुग्णांवर त्याची चाचणी झाली होती, 2002 ची गोष्ट. काहींना खरं ऑपरेशन, काहींना नुसतीच कातडीवर चीर देऊन शिवली, आणि कोणाला काय केलं ते त्यांना सांगितलं नाही. दोन वर्षांनी दोघांत काही फरक नाही.

तिरकस
आयला, नुसती चीर देऊन बरं वाटलं! आणि आपण इथे टाचा उचलतोय.

खडूस_आजोबा
अवांतर: अटलजींचे गुडघे आठवले. पंतप्रधान असताना मुंबईत ब्रीच कँडीला बदलले, डावा ऑक्टोबर 2000 मध्ये, उजवा पुढच्या जूनमध्ये. डॉ. चित्तरंजन राणावत खास अमेरिकेहून आले होते. त्यानंतर आमच्या चाळीतल्या निम्म्या लोकांना आपलेही गुडघे बदलावेत असं वाटायला लागलं. मात्र तेव्हा कृत्रिम गुडघ्याची किंमत ऐकूनच लोक चालायला लागायचे. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने त्या किमतींवर मर्यादा आणली तेव्हा कुठे हायसं वाटलं.

कल्याण_स्लो
'किंमत ऐकून चालायला लागायचे' हीच खरी फिजिओथेरपी.

पेडणेकार
गोव्यातसून नमस्कार. आमच्या आईचा गुडघा बदलला तेव्हाचा अनुभव. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वॉकर हातात देऊन उभी केली, ती रडली, आम्ही नर्सवर चिडलो. घरी आल्यावर प्रेमाने गुडघ्याखाली उशी ठेवली, तिलाही बरं वाटायचं. फिजिओ आला तो ती उशी बघूनच ओरडला. उशी ठेवायची तर टाचेखाली, गुडघा पूर्ण सरळ व्हायला. वाकवण्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण गुडघा सरळ झाला नाही तर माणूस आयुष्यभर लंगडतो, असं तो म्हणायचा. ऑपरेशन हा अर्धाच खर्च आणि अर्धंच काम, उरलेलं घरी खाटेवर होतं.

संधिवात_मुक्ती_तेल
(हा प्रतिसाद जाहिरात असल्याने काढून टाकला आहे. – संपादक)

तिरकस
अरेरे. फोन नंबर टिपायचा राहिला.

योगिनी_लोणावळा
योगाचं कोणीच लिहिलं नाही म्हणून आश्चर्य वाटलं. मात्र गुडघेदुखीवर 'वज्रासनात बसा' हा जो फॉरवर्ड फिरतो त्यावर जाऊ नका, झिजलेल्या गुडघ्याला पूर्ण मुडपून त्यावर अंगाचं वजन टाकणं बहुतेकांना सोसत नाही. पुण्यात अय्यंगार गुरुजींच्या पद्धतीत खुर्ची, पट्टा, विटा, भिंतीतले दोर हे सगळं याचसाठी वापरतात. ज्याला जेवढं वाकता येतं तिथे सामान लावून आसन करायचं. भिंतीला पाठ लावून वीरभद्रासनासारखी उभी आसनं केली तर मांड्यांना चांगला व्यायाम होतो. पण शिक्षक समोर हवा. टीव्ही बघून नको.

बत्तिशीतला_म्हातारा
माझा वेगळा प्रकार, पण इथेच लिहितो. मला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस आहे. कॉलेजात असल्यापासून पाठ आखडायची, पहाटे दुखण्याने जाग यायची, आंघोळ करून कामाला लागलो की मोकळी व्हायची. सगळे म्हणायचे, 'बाईक कमी चालव, आराम कर.' रविवारी आराम केला की सोमवारी उठता यायचं नाही. शेवटी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टने (वाताच्या आजारांच्या डॉक्टरने) सांगितलं, की या आजारात आराम हाच शत्रू. औषधं चालू आहेतच, ती सोडून नुसत्या व्यायामावर राहू नका, हा वाताचा आजार आहे, झिजेचा नाही. पण मान, पाठ, छाती रोज ताणली नाही तर मणके एकमेकांना जुळत जातात. मी पोहतो, आणि भिंतीला टाचा, पाठ, डोकं टेकतंय का ते रोज बघतो. तरुण मुलांची पाठ सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली राहत असेल आणि हालचालीने सुटत असेल, तर गादी बदलू नका, डॉक्टर गाठा.

ओवी_जोशी_नाही
+1. माझ्या भावाच्या दोन गाद्या बदलून झाल्या होत्या निदान होईपर्यंत.

घाटावरची_आक्का
व्हय तर, पन आमच्यासारख्यांनी काय करायचं? शेतात खुरपायला दिवसभर उकिडवं बसावं लागतं. हितं कुठला फिजिओ आन् कुठला रबरी पट्टा.

फिजिओ_ताई
आक्का, महत्त्वाचं विचारलंत. सलग उकिडवं बसू नका. बसायला बुटका पाट किंवा चुंबळ केलेलं पोतं घ्या, एक पाय पुढे, थोड्या वेळाने बाजू बदला, आणि अधूनमधून उठून दहा पावलं टाका. लांब दांड्याचं खुरपं मिळतं, त्याने उभ्याने काम होतं. पट्ट्याची गरज नाही. ओट्यावर किंवा जोत्यावर बसून पाय सरळ उचलायचा, पाच अंक धरायचा, हळू खाली. सोपं झालं की घोट्याला पाव किलोची वाळूची पिशवी बांधा, मग अर्धा किलो. भार वाढवत नेला तरच स्नायू वाढतो, वर्षभर तेच दहा वेळा करून काही होत नाही. मोरपंखीच्या आईचा टॉवेल म्हणूनच पुरत नाहीये. ती सुरुवात आहे, तिथेच अडकलंय सगळं.

वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. दिवसातली पावलं मोजा, म्हणजे किती फरक पडतो ते कळेल.

कल्याण_स्लो
ताई, धागा गुडघ्याचा आहे पण माझा खांदा आखडलाय. शुगरही आहे. केसांना तेल लावता येत नाही.

तिरकस
केस आहेत?

फिजिओ_ताई
@कल्याण_स्लो, फ्रोझन शोल्डर शुगरवाल्यांमध्ये जास्त दिसतो, साखर आटोक्यात आणा. पुढे वाकून हात लोंबता सोडून घड्याळाच्या लंबकासारखा झुलवणं आणि भिंतीवर बोटांनी चढत जाणं, इथपासून सुरुवात. ओढून-ताणून कोणाकडून खांदा 'सोडवून' घेऊ नका. बाकी वेगळा धागा काढा, पॉपकॉर्न आम्ही आणतो.

मोरपंखी
इतके प्रतिसाद! सगळ्यांना एकत्रच उत्तर देते.

फिजिओ बदलली. नवी मुलगी घरी येते, आठवड्यातून दोनदाच, बाकी दिवस आईने एकटीने करायचं. पहिल्या दिवशी तीस सेकंदांची चाचणी घेतली तेव्हा आईला हात न टेकता उठताच आलं नाही, तिचं तोंड एवढंसं झालं. मग दोन उशा ठेवून उंच केलेल्या खुर्चीवरून सुरुवात केली. आता एकच उशी आहे. दुखण्याचा आकडा आई कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी. एकदा सात लिहिला होता, तेव्हा फिजिओने पायरीचा व्यायाम काढून टाकला आणि पुढच्या आठवड्यात परत घातला.

जिन्याची पद्धतही शिकवली: चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, कठडा धरून. काठी धरायची तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, हे मला माहीतच नव्हतं. काठीला आईचा ठाम नकार आहे, 'सोसायटीत लोक काय म्हणतील'.

मावशीला पाठवायला ऊर्मीचा आणि फिजिओ_ताईंचा प्रतिसाद कॉपी केला. तिने अंगठा पाठवला, मग लगेच हळदीच्या दुधाचा व्हिडिओ.

आता पुढची शंका. गौरी-गणपतीला आई जमिनीवर बसून सगळं करते, तांदूळ निवडण्यापासून नैवेद्यापर्यंत. यंदा टेबलावर कर म्हटलं तर ऐकत नाही. जमिनीवर बसणं कायमचं बंद करायचं का?

शेवंता
आमच्याकडे गौरी टेबलावरच बसवतात, त्यांना काही वाईट वाटलेलं दिसलं नाही.

फिजिओ_ताई
कायमचं बंद असं काही नसतं. आता उठताना त्रास होतोय तर यंदा बुटकं स्टूल किंवा चौरंग घ्या, मांडी घालायची जबरदस्ती नको. तोवर जमिनीवरून उठायची रीत शिकवून ठेवा: आधी कुशीवर वळायचं, मग गुडघे-हात टेकून चतुष्पाद व्हायचं, गुडघ्यांखाली घडी घातलेली सतरंजी, समोर भक्कम खुर्ची. तिच्यावर दोन्ही हात, बरा पाय पुढे रोवायचा आणि उठायचं. पहिल्यांदा फिजिओ असतानाच करा. हे प्रत्येक वयस्कर माणसाला आलं पाहिजे, पडल्यावर तासन्‌तास तसंच पडून राहावं लागत नाही. पुढच्या वर्षी खाली बसता येईल का ते मांडीची ताकद आणि गुडघा किती वाकतोय यावर ठरेल, आज सांगता येणार नाही.

वऱ्हाडी_ठेचा
बाबांना ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मांडी घालायला मनाई केली, तेव्हापासून ते पंगतीत खुर्चीवर ऐटीत बसतात आणि वाढप्याला सगळ्यात आधी दिसतात. जिलबी दोनदा मिळते. काकूंना सांगा.

निवृत्त_कारकून
खुर्ची बदलून पाहिली. आकडा सांगत नाही. फिजिओ_ताई, 72 वर्षांच्या पुरुषाने दिवसाआड किती उठबशा कराव्यात?

फिजिओ_ताई
काका, दोन उशा घ्या. पाच-पाचचे दोन हप्ते, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली तर लगेच थांबायचं, आणि बीपी-हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारायचं. आणि भाजी उद्यापासून स्वतः आणायची.